मालमत्तेचे अभिलेख व बांधकामाचा काळ (ठाणे व नवी मुंबई)

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात एखाद्या इमारतीवरून वाद उभा राहिला की जागा कोणाची आणि बांधकाम कधीचे, हे दोन प्रश्न बहुधा एकदमच विचारले जातात. त्यांची उत्तरे मात्र निरनिराळ्या दप्तरांत असतात.

जागेसाठी सातबारा उतारा व त्यामागचे फेरफार, आणि नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक पाहिले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील (सातबारा, फेरफार यांतील) नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. परंतु नोंदीने मालकी मिळत नाही, ती खरेदीखत, वाटप किंवा वारसा यांतून येते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाने (स्थापना १९७०) संपादित जमिनीवरील भूखंड प्रामुख्याने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. त्यामुळे वाशी-नेरूळचा सदनिकाधारक बोलण्यात ‘मालक’ असला, तरी त्याचा हक्क भाडेपट्टा करार, नोंदणीकृत करारनामा आणि सोसायटीचे भाग प्रमाणपत्र यांवर उभा असतो.

बांधकामाच्या काळाचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेली इमारत वापरण्याची परवानगी). घणसोली, कोपरखैरणे यांसारख्या गावांतील जुन्या घरांपाशी ते सहसा नसते. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १९९२ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या घरांसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, शोधावा लागतो. तो बारकाईने वाचायला हवा. उताऱ्यावर ‘कौलारू, विटा-मातीचे’ असे वर्णन असेल आणि जागेवर तीन मजली आरसीसी इमारत उभी असेल, तर उताऱ्याच्या वर्षावरून तिथे पूर्वी घर होते एवढेच ठरते. आजच्या इमारतीचे वय ठरत नाही. प्रकरणे बहुधा इथेच अडतात. विजेच्या पहिल्या जोडणीची तारीख जोडपुरावा म्हणून चालते, पण मीटर जुन्या घराचाही असू शकतो.

घरपट्टी भरली म्हणजे घर अधिकृत झाले, हा समज खोलवर रुजलेला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-क खाली अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती (दंड) बसू शकते, आणि ती वसूल केल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात नमूद आहे. पावती उपयोगी पडते ती काळ दाखवण्यापुरती. त्या काळाला किंमत आली ती मुदतीच्या तारखांमुळे: प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात २०१७ साली आलेल्या कलम ५२-क ने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही बांधकामे अटींवर, शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट काढली.

अशा तारखेसाठी आता उपग्रह छायाचित्रेही हजर केली जातात. ती न्यायालयात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक अभिलेखासाठीचे, प्रमाणपत्र जोडावे लागते. मात्र वरून घेतलेल्या चित्रात दिसते ते छत. त्याखाली मजले किती, हे सावलीच्या लांबीवरून फार तर अंदाजाने सांगता येते.