हक्काचा प्रेक्षक आणि मोबाईल : नाट्यसंस्था व कलावंतांसाठी माहितीपत्रक

आम्ही नाट्यसंस्था, गायक-वादक आणि एकपात्री कलावंत यांची ऑनलाइन प्रसिद्धी सांभाळतो. कामाची बोलणी सुरू झाली की बहुतेक निर्माते पहिल्यांदा विचारतात, "फॉलोअर किती वाढवून द्याल?" त्यावर आमचा प्रश्न असतो, "मागच्या प्रयोगाला आलेल्यांपैकी किती जणांना तुम्ही आज फोन लावू शकाल?" यावर बहुतेकदा शांतता पसरते. पाचशे-सातशे माणसं तिकीट काढून येतात, हसतात, डोळे पुसतात, रंगपटात येऊन हात हातात घेतात आणि पार्किंगमधून निघून जातात. पुढचा प्रयोग लागला की त्याच माणसांना शोधायला पुन्हा पेपरात जाहिरात द्यायची. हा खर्च आणि ही दमछाक कशी कमी करता येईल, ते या पत्रकात सांगतो.

हक्काचा प्रेक्षक कोणता? जो तेच नाटक दुसऱ्यांदा बघतो, पुण्याहून आलेल्या नणंदेला घेऊन येतो, सोसायटीतल्या चार घरांची तिकिटं एकदम काढतो. अशी माणसं संख्येने थोडी असतात. पण परीक्षांच्या दिवसांत, धो-धो पावसात किंवा क्रिकेटचा सामना असलेल्या संध्याकाळी प्रयोग तेच तारतात. आमचं सगळं काम त्यांच्याभोवती फिरतं. रीलला मिळालेले लाख व्ह्यूज आम्हालाही आवडतात, पण ते व्ह्यूज नागपूरहून आले असतील आणि प्रयोग बोरिवलीला असेल, तर तिकीटखिडकीवर त्यांचा उपयोग नाही.

आधी यादी, मग बाकी सगळं

29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलाकारांनी तिथे मोठा चाहतावर्ग जमवला होता. त्या चाहत्यांशी जोडणारा धागा एका निर्णयात तुटला, कारण त्यांचे नंबर कलाकारांकडे कधी नव्हतेच. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब यांचंही मूलतः तसंच आहे. तुमची पोस्ट कोणाला दिसावी, हे ती कंपनी ठरवते. आणि तुम्ही लिहिलेलं तुमच्याच चाहत्यांपैकी बऱ्याच जणांपर्यंत पोचत नाही. म्हणून नाव, मोबाईल नंबर आणि राहण्याचा भाग, एवढी तीन रकान्यांची यादी तुमच्या स्वतःच्या ताब्यात हवी. ती गूगल शीटमध्ये असो किंवा जाड वहीत. आमच्याशी काम थांबवलंत तर पूर्ण यादी तुमच्याकडेच राहील आणि आमच्याकडची प्रत आम्ही पुसून टाकू, हे करारातच लिहिलेलं असतं.

राहण्याचा भाग विचारायला अनेकांना संकोच वाटतो, पण सर्वांत कामाचा रकाना तोच. प्रयोग कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात असेल तर डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूरच्या माणसाला कळवायचं. कोथरूडच्या माणसाला नाही. ज्याला आपल्या गावाचे निरोप येतात तो ते वाचतो. ज्याला रोज कुठल्या कुठल्या गावचे येतात, तो महिन्याभरात तुम्हाला ब्लॉक करतो.

यादी जमवायची जागा म्हणजे मध्यंतर. दहा-पंधरा मिनिटं हातात असतात आणि लोक बटाटेवडा-चहाच्या रांगेत उभे असतात. क्यूआर कोडचा फलक तिथे, डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. प्रवेशद्वारापाशी लावला तर तिसरी घंटा झाल्याच्या गडबडीत त्याच्याकडे कोणी बघत नाही. फॉर्म एका बोटाने, एका मिनिटात भरून व्हायला हवा. वाढदिवस, ईमेल, व्यवसाय असलं काही विचारायचं नाही. बऱ्याच नाट्यगृहांत मोबाईलला रेंज नीट मिळत नाही, त्यामुळे फॉर्म हलका ठेवावा लागतो आणि शेजारी एक वही-पेन ठेवावंच लागतं. ज्येष्ठ प्रेक्षक वहीत आनंदाने लिहितात आणि बरेचदा शेजारी नाटकाबद्दल दोन ओळीही लिहून जातात. त्या ओळी आम्ही शीटच्या 'शेरा' रकान्यात उतरवून घेतो. "पुढच्या वेळी आईला आणणार", "व्हीलचेअर आहे, कडेची खुर्ची हवी", "गाणी फार आवडली" असं काय काय त्यात असतं. याच शेऱ्यांच्या आधाराने पुढचा निरोप नेमका लिहिता येतो.

व्हॉट्सॲप : चार सोयी, चार वेगळी कामं

मराठी नाटकाचा प्रेक्षक सकाळी सगळ्यांत आधी व्हॉट्सॲप उघडतो, म्हणून सर्वांत जास्त मेहनत इथेच घ्यावी. व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप घ्या आणि संस्थेसाठी वेगळा नंबर ठेवा. सूत्रधाराच्या, म्हणजे प्रयोगांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाच्या, खासगी नंबरवरून हे काम करू नका. तो माणूस उद्या दुसऱ्या संस्थेत गेला की प्रेक्षकही त्याच्याबरोबर गेले.

ग्रुप काढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ग्रुपमध्ये 1024 जण मावतात खरे, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि अनोळखी लोकांचे मेसेज येऊ लागले की महिला प्रेक्षक सर्वांत आधी बाहेर पडतात. शिवाय सुप्रभात, सुविचार आणि राजकारण सुरू होतं ते वेगळंच. ग्रुप ठेवायचाच असेल तर फक्त ॲडमिनने लिहायचं, अशी सेटिंग करून ठेवावा.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये निरोप प्रत्येकाला स्वतंत्र मिळतो आणि कोणी उत्तर दिलं तर ते फक्त तुम्हालाच दिसतं. मात्र एका यादीत 256 जणच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यालाच निरोप पोचतो. ही अट माहीत नसल्यामुळे "आम्ही तर सगळ्यांना पाठवलं होतं" असं म्हणणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. फॉर्म भरून झाल्यावर दिसणाऱ्या पानावर म्हणूनच मोठ्या अक्षरात लिहा, "आमचा नंबर सेव्ह करा, नाहीतर निरोप मिळणार नाही."

भारतात सप्टेंबर 2023 पासून व्हॉट्सॲपची चॅनेल सुरू झाली. तिथे सदस्यसंख्येची अडचण नाही, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. पण तो बहुतांशी एकतर्फी मामला आहे आणि समोर कोण आहे हे तुम्हालाही कळत नाही. प्रयोगांच्या तारखा जाहीर करायला चॅनेल उत्तम. माणूस जोडायला ते पुरत नाही.

चौथी सोय म्हणजे साधा, एकेकट्याला पाठवलेला निरोप. यादीतल्या सगळ्यांना असं लिहिणं शक्य नाही, पण सर्वांत जवळच्या पन्नासेक रसिकांना नक्कीच शक्य आहे. आणि आमच्या मते महिन्यातला सर्वांत सत्कारणी लागलेला वेळ तोच. नमुना देतो:

"नमस्कार, …ताई. मागच्या महिन्यात तुम्ही ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये आमचं नाटक पाहिलंत. येत्या रविवारी दुपारी 4 वाजता कल्याणला, अत्रे रंगमंदिरात प्रयोग आहे. खिडकी उद्या सकाळी उघडेल, पण यादीतल्या मंडळींसाठी बुकिंग आज संध्याकाळी 6 पासूनच सुरू करतोय. पुढच्या वेळी आईंना आणणार म्हणाला होतात, म्हणून आठवणीने कळवलं. त्यांना जिने चढायचा त्रास असेल तर सांगा, खालच्या रांगेतली कडेची खुर्ची ठेवतो."

हा निरोप "तुफान प्रतिसादात!! चुकवू नका!!" असं लिहिलेल्या पोस्टरशेजारी ठेवून वाचा. पोस्टर कोणालाही पाठवता येतं. हा निरोप एकाच व्यक्तीला पाठवता येतो आणि ती व्यक्ती बहुधा उत्तर देते. उत्तर आलं की त्याच दिवशी प्रत्युत्तर गेलंच पाहिजे.

किती वेळा लिहावं? एका भागातल्या प्रेक्षकाला महिन्यातून दोनदा पुरे. प्रयोग नसतानाही एखादा निरोप जावा. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्यासाठी चांगला. त्या दिवशी तिकीट विकू नका. नाटकातल्या सगळ्या मंडळींच्या आवाजात मिनिटभराचे आभार रेकॉर्ड करून पाठवा.

यादीतल्यांना सवलत द्यावी का, असं विचारलं जातं. आमचा सल्ला आहे, क्वचितच द्या. दर वेळी पन्नास रुपये कमी केले की लोक सवलतीची वाट बघू लागतात आणि पूर्ण दराने तिकीट काढणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं. रसिकाला त्यापेक्षा पहिला मान आवडतो : तारीख सर्वांत आधी कळणं, पुढच्या रांगा सर्वांत आधी उघडणं, नव्या नाटकाच्या रंगीत तालमीला बोलावणं येणं.

इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब

इथे नवी ओळख होते. ती टिकवायची यादीतच. फेसबुकवर पन्नाशीच्या पुढचा प्रेक्षक जास्त भेटतो आणि तो सविस्तर लिहितो. त्याच्या अभिप्रायाला नुसता अंगठा देऊ नका, दोन वाक्यं लिहा. कोणी "मागच्या रांगेत संवाद ऐकू आले नाहीत" असं लिहिलं तर स्तुतीच्या वीस कमेंट बाजूला ठेवून आधी त्याला उत्तर द्या, आणि पुढच्या प्रयोगाला ध्वनियोजना पाहणाऱ्याला ते वाचून दाखवा.

इन्स्टाग्रामवर काय टाकावं, याचं आमचं उत्तर ठरलेलं आहे : पडद्यामागचं काम. सकाळी टेम्पोतून नेपथ्य उतरतं, दोन तासांत रिकाम्या रंगमंचावर वाडा उभा राहतो, शिडीवर चढलेला माणूस एकेक लाइट फिरवून पुन्हा पुन्हा विचारतो, "आता?", आणि खालून नट आपल्या जागेवर उभा राहून मान हलवतो. चाळीस सेकंदांची उभी चित्रफीत, मागे पार्श्वसंगीत नाही, फक्त हातोडीचा आणि माणसांचा आवाज. हे कोणाही जाहिरात संस्थेला विकत आणता येणार नाही, ते फक्त तुमच्याकडे आहे. आणि त्यात दिसणाऱ्या प्रत्येक कामगाराचं नाव खाली लिहा. ही मंडळी वर्षानुवर्षं अंधारात राबतात. त्यांची नावं वाचून त्यांची माणसंही नाटकाशी जोडली जातात.

यूट्यूबवर मराठीत काय घडू शकतं, ते भारतीय डिजिटल पार्टी या चॅनेलने म्हणजे 'भाडिपा'ने 2016 पासून दाखवलंय. स्क्रीनवर जमलेला तरुण प्रेक्षक पुढे तिकीट काढून प्रत्यक्ष कार्यक्रमांनाही आला. नाट्यसंस्थेला मात्र रोज नवं काही देणं झेपत नाही. लेखक-दिग्दर्शकाच्या गप्पा, नाटकातल्या एखाद्या पदाची गोष्ट, असं महिन्याला एक पुरे.

प्रयोगाचं चित्रीकरण ऑनलाइन टाकताना सांभाळा. लेखक, कलाकार, संगीतकार या सगळ्यांचे हक्क त्यात गुंतलेले असतात. लेखी परवानगी हवीच. प्रेक्षकांना मात्र एक जागा मोकळी करून द्या : निवेदनात "प्रयोग चालू असताना चित्रीकरण करू नये" याच्या पुढे "शेवटी कलाकार अभिवादनाला आले की जरूर फोटो काढा आणि आम्हाला टॅग करा" एवढं जोडा. लोक खुशीने ऐकतात.

परदेशातले रसिक

अमेरिका, इंग्लंड, आखातातल्या मराठी मंडळांमुळे नाटकांचे परदेश दौरे होतात. दौरा संपला की ओळख संपू नये. रविवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला ऑनलाइन गप्पा ठेवल्या तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात, लंडनमध्ये दुपार असते. कॅलिफोर्नियाला ही वेळ सकाळी सहा-सातची, म्हणजे रविवारसाठी फार लवकरची पडते. त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग ठेवा. या मंडळींचा वेगळा उपयोग असा, की त्यांचे आई-वडील पुण्या-नाशकातच असतात आणि मुलं इथल्या प्रयोगांची तिकिटं तिथून काढून देतात.

चाहते आधी पैसे उभे करतात, ही गोष्ट इंटरनेटवर जुनीच आहे. मॅरिलियन या ब्रिटिश रॉक बँडला 1997 साली अमेरिकेचा दौरा परवडत नव्हता, तेव्हा चाहत्यांनी इंटरनेटवरून सुमारे 60,000 डॉलर जमवले. पुढे 2001 च्या अल्बमसाठी 12,000 हून अधिक जणांनी ध्वनिमुद्रणाआधीच पैसे भरले. आपल्याकडे गावोगावच्या रसिक मंडळांच्या सभासद योजना याच विश्वासावर चालत आल्या आहेत. तुमच्याकडे चांगली यादी असेल, तर एखाद्या लहान गावातला प्रयोग प्रयोग विकत घेणारा कंत्राटदार मिळण्याची वाट न बघता आगाऊ नोंदणीवर ठरवता येतो. आम्हाला या कामात सर्वांत जास्त रस आहे.

संमती आणि सचोटी

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली संमत झाला. फॉर्मवर नंबर कशासाठी घेतोय ते साध्या मराठीत लिहायचं, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं ठेवायचं, ही त्यातली तत्त्वं आम्ही पहिल्या दिवसापासून पाळतो. "थांबा" एवढं लिहून पाठवलं की नाव यादीतून निघतं. बालनाट्य करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं : 18 वर्षांखालील मुलांची माहिती त्यांच्याकडून घेऊ नका, पालकांकडूनच घ्या.

विकत घेतलेले फॉलोअर, खोटे अभिप्राय, दुसऱ्या संस्थेच्या प्रेक्षकांचे नंबर ही कामं आम्ही करत नाही. खुर्च्या रिकाम्या असताना हाऊसफुल्लच्या बोर्डाचा फोटो टाकत नाही. नाट्यगृहात बसलेल्या माणसाला खरं काय ते दिसत असतं.

पहिल्या भेटीला येताना

पुढच्या दोन महिन्यांच्या प्रयोगांच्या तारखा, संस्थेच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड कोणाकडे आहेत याची माहिती आणि असतील नसतील ते प्रेक्षकांचे नंबर घेऊन या, मग ते जुन्या डायरीत का असेनात. तुमचा सूत्रधार किंवा बुकिंग सांभाळणारी व्यक्ती बरोबर असली तर फार बरं. प्रेक्षकांना चेहऱ्याने ओळखणारी तीच असते. पहिल्या बैठकीचं शुल्क नाही. काम ठरलं तर आमचा माणूस तुमच्या पुढच्या प्रयोगाच्या मध्यंतरात वही आणि फलक घेऊन चहाच्या रांगेपाशी उभा असेल.