इरकलीवरच्या नसलेल्या लहरी

सोलापूरच्या चाटी गल्लीत माझ्या भाच्याचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. हल्ली सगळेच करतात तसा तोही व्हॉट्सअ‍ॅपवर माल दाखवतो. गेल्या दिवाळीत त्याने बारीक चौकड्यांच्या इरकली ठेवल्या आणि मोबाईलवर फोटो काढून पुण्याच्या एका बाईंना पाठवले. तासाभरात उत्तर आलं: साडी छान आहे, पण त्या हिरव्या-जांभळ्या लहरी नसलेली दाखवा. भाचा साडी आणि फोन दोन्ही घेऊन घरी आला. "मामा, हिच्यात लहर कुठंय ओ? तुम्हीच बघा की."

साडीत लहर नव्हती, फोटोत होती. फोन जरा मागे नेला की ती रुंदावायची, तिरका धरला की वळायची. दोन मच्छरदाण्या एकीवर एक धरून पाहिल्यात कधी? दोन्हींपैकी एकीतही नसलेले मोठे पट्टे तिथे पळताना दिसतात. इथे एक जाळी साडीच्या चौकड्यांची आणि दुसरी फोनच्या सेन्सरवरच्या ठिपक्यांची. हे ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर बसवलेले असतात आणि त्यांच्यावर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या आळीपाळीने. दोन जाळ्यांची वीण जवळपास जुळली, पण तंतोतंत जुळली नाही, की तिसरीच नक्षी उमटते, तीही रंगीत. तिला मॉयरे म्हणतात. नाव कापडाच्याच धंद्यातलं आहे, लहरीदार चमक असलेल्या रेशमाचं.

मी कपाटातला पेंटॅक्स के-१००० काढला. बॅटरी फक्त प्रकाशमापकाला लागते, बाकी सगळं दातेरी चाकांवर चालणारा हा कॅमेरा. कृष्णधवल रोल भरून त्याच साडीचे चार फोटो काढले, रोल धुतला आणि जुन्या एन्लार्जरवर प्रिंट काढली. चौकडी न् चौकडी आली, लहर एकही नाही. (निगेटिव्ह साध्या स्कॅनरवर ठेवून फोनवर आणली असती, तर लहर मागच्या दाराने परत येऊ शकली असती, कारण स्कॅनरलाही जाळीच असते. म्हणून प्रिंट.)

भाचा प्रिंट हातात धरून बराच वेळ बघत बसला. मग कॅमेरा घेऊन गेला, तो अजून परत दिलेला नाही.

फिल्मचं वेड म्हणजे जुन्या आठवणींचे कढ, असं बरेच जण समजतात. असतीलही. पण तिशीतल्या माणसाला कसले कढ? त्याच्या लहानपणीच रोल संपत आले होते. मला वाटतं ओढ दुसरीकडे आहे. फिल्मवरचं चित्र हा पदार्थ असतो, आणि तो पदार्थ ओळीत उभा राहत नाही.

ओळीत उभं राहणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगावं लागू नये. आपल्या चादरीवरचा मोर जकार्डवर विणतात. आधी डिझाइनवाला चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवतो, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. भोक असलं तर उभा धागा उचलला जातो, नसलं तर नाही. मधलं काही नाही. डिजिटल म्हणतात ते हेच. जकार यांनी फ्रान्समध्ये हे यंत्र १८०४ च्या सुमारास आणलं, म्हणजे भोकांच्या भाषेतली चित्रं फोटोग्राफीपेक्षा जुनी. १८३९ साली लियॉंमध्ये खुद्द जकार यांचं चित्र रेशमात विणलं गेलं, सुमारे २४,००० पट्ट्या वापरून. त्याच १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे मांडली गेली. चित्राच्या दोन वाटा एकाच देशात, एकाच वर्षी. आपल्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, पहिली वाट खडखड वाजत राहिली. भाच्याच्या हातातला फोन वंशावळीने त्या मागाचा नातू आहे.

दुसऱ्या वाटेवर चौकटीचा कागदच नाही. प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्यात चांदीच्या ब्रोमाइडचे स्फटिक विखुरलेले. काही छोटे, काही मोठे, बहुतेक एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आगेमागे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत माणसं उभी असतात तसे, जिथे जागा मिळेल तिथे. जाळीच नाही तर जाळीशी जाळी भिडणार कुठे? बारीक नक्षी स्फटिकांच्या आवाक्याबाहेर गेली तर ती पुसट होऊन दाण्यांच्या खरखरीत विरून जाते, पण खोटी नक्षी तयार होत नाही. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर मधला भाग सोडून कडेला गेलं, की तिथल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशीही अशाच विस्कटलेल्या असतात. खोटे पट्टे टाळण्याची ही निसर्गाची युक्ती असावी, असं १९८३ मध्ये जॉन येलॉट यांनी मांडलं होतं. फिल्मचे दाणे डोळ्याला खुपत नाहीत याचं कारण यात असेल का? मला तसं वाटतं, सिद्ध करता येणार नाही.

जिलेटिनबद्दल एक गंमत सांगायलाच हवी. ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, तेव्हा फिल्म शाकाहारी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखानदार हैराण असायचे, कारण एका घाण्याच्या जिलेटिनने फिल्म तल्लख व्हायची आणि दुसऱ्याने मठ्ठ. कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२५ मध्ये कारण शोधलं. जनावरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून गंधकाची संयुगं जिलेटिनमध्ये उतरत होती. या गंधकामुळे स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म कण बसतात आणि तिथेच प्रकाशाचं काम मुरतं. फोडणीत मोहरी नसेल तर फिल्मही मिळमिळीत.

काम मुरतं म्हणजे काय होतं? प्रकाशाचा कण स्फटिकात शिरला की ब्रोमाइडमधून एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो त्या गंधकाच्या कणापाशी अडकतो, जवळून हिंडणारा चांदीचा आयन त्याच्याकडे ओढला जातो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. हा एकटा अणू फार टिकत नाही, काही क्षणांत पुन्हा विरघळतो. तेवढ्यात दुसरा आला तर जोडी टिकते. चारेक अणूंचा पुंजका जमला की स्फटिकावर शिक्का बसला. एका स्फटिकात चांदीचे अब्जावधी आयन असतात, त्यांतल्या चारांनी ठरवायचं की हा दाणा पुढे काळा होणार. बाहेरून काहीच दिसत नाही. शटर मिटल्यापासून रोल धुवेपर्यंत चित्र असतं, पण ते कुठल्याही सूक्ष्मदर्शकाने पाहण्याजोगं नसतं. याला सुप्त प्रतिमा म्हणतात. फिल्मबद्दल मला एकच गोष्ट सांगायला दिली, तर मी हीच सांगेन.

ही सुप्त प्रतिमा किती चिवट असावी? १८९७ मध्ये स्वीडनचे आंद्रे आणि दोन साथीदार बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले, बर्फावर उतरावं लागलं, पायी परत फिरले आणि एका ओसाड बेटावर संपले. १९३० मध्ये त्यांचे अवशेष सापडले, बरोबर फिल्म्सही. ३३ वर्षं बर्फात भिजलेल्या त्या पट्ट्या स्टॉकहोममध्ये योन हर्त्सबेरी यांनी अतिशय जपून धुतल्या आणि ९३ फोटो हाती आले. एकात बर्फावर आडवा पडलेला बलून आहे आणि त्याच्याकडे बघत उभी दोन माणसं.

एकट्या अणूच्या त्या विरघळण्याचा फटका रात्री बसतो. भाच्याने तलावाच्या काठावरून सिद्धेश्वर मंदिराचे दिवे टिपायचं ठरवलं. मोबाईलच्या मापक अ‍ॅपने दहा सेकंद सांगितले, त्याने दहा दिले आणि निगेटिव्ह जवळजवळ कोरी आली. प्रकाश इतका विरळ, की दुसरा कण येईपर्यंत पहिला अणू मोडलेला. अशा वेळी फिल्मनुसार दहाऐवजी वीस ते पन्नास सेकंद द्यावे लागतात. कार्ल श्वार्त्सशिल्ड, ज्यांचं नाव कृष्णविवरांच्या गणितामुळे गाजलं, त्यांनी ताऱ्यांचे फोटो काढताना १८९९ च्या सुमारास हाच हिशेब मांडला होता.

आता धुलाई. डेव्हलपरमधली मेटॉल-हायड्रोक्विनोनसारखी रसायनं शिक्का बसलेल्या स्फटिकातल्या उरलेल्या सगळ्या आयनांची चांदी करतात. चार अणूंचे अब्ज होतात. बिनशिक्क्याच्या स्फटिकालाही ती कालांतराने खातीलच, म्हणून योग्य वेळी थांबवायचं. सगळं घड्याळ आणि थर्मामीटरवर. पुस्तकं २० अंश सांगतात. सोलापुरात २० अंश! मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. २० अंशांना ८ मिनिटं लागत असतील तर २४ ला साधारण साडेपाच, आणि त्यापुढे वेळ इतका कमी उरतो की फिल्म एकसारखी धुतलीच जात नाही.

१९८८ च्या उन्हाळ्यात कॉलेजच्या डार्करूममध्ये मी शहाणपणा केला. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणला, परातीत ठेवला आणि डेव्हलपर बरोबर २० वर आणला. न वापरलेली चांदी काढणारा हायपोही थंड. मग टाकीचा नळ सोडून रोल खळखळून धुतला. बाहेर काढला तेव्हा सगळ्या फिल्मवर सुरकुत्यांची जाळी होती, आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखी. थंड जिलेटिनला एकदम गरम पाणी लागलं की ते फुगतं, खालचं प्लास्टिक तेवढं ताणत नाही, आणि थर चुरगळतो. मित्राच्या बहिणीच्या साखरपुड्याचा रोल होता तो. हल्लीच्या फिल्म्सचं जिलेटिन कारखान्यातच घट्ट केलेलं असतं, त्यामुळे हा प्रकार क्वचितच होतो. तरी सगळी पाणी एका तापमानाची ठेवण्याची सवय मला लागली ती लागलीच.

रंगीत फिल्मचं उलटं आहे. तिचा डेव्हलपर ३७.८ अंशांवर लागतो, ३ मिनिटं १५ सेकंद. परदेशातले हौशी लोक त्यासाठी हीटर विकत घेतात. आपण एप्रिलमध्ये बाटली बाल्कनीत ठेवायची.

पाण्याचीही कथा आहेच. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात वाहत्या धारेखाली वीस मिनिटं रोल धरला, तर घरचे रोलसकट आपल्याला बाहेर काढतील. त्यावर इलफर्ड या फिल्म कंपनीने सुचवलेली पद्धत छान आहे. रोल असलेला धुलाईचा डबा भरा, पाच वेळा उलटा-सुलटा करा, पाणी ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. झालं, दीड-दोन लिटरमध्ये. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको, वाळताना क्षारांचे पांढरे ठिपके पडतात. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर वापरतो.

हायपो हे सोडियम थायोसल्फेटचं बाजारातलं नाव. न वापरलेली चांदी ते विरघळवून नेतं. हा गुण जॉन हर्शल यांनी १८१९ मध्येच पाहून ठेवला होता, कामाला आला वीस वर्षांनी. त्यामुळे वापरलेल्या हायपोत चांदी असते, आणि स्टुडिओवाले तो गटारात ओतत नसत. घ्यायला माणूस यायचा. लग्नसराईत काढलेल्या फोटोंतल्या उजेड न पडलेल्या जागांची चांदी अशी सराफाकडे परत जायची.

आणि गड्ड्याचं ऊन. जानेवारीत नंदीध्वजांच्या काठ्या निघतात तेव्हा रस्ता पांढऱ्या बाराबंदीने भरून जातो, आणि वरून सोलापूरचं बारा वाजताचं ऊन. डिजिटल सेन्सरचा प्रत्येक ठिपका म्हणजे भांडं. भरेपर्यंत मोजतो, भरलं की पुढचं सांडलं. बाराबंदीच्या चुण्या पांढऱ्या पट्ट्यात गडप. फोन चार-पाच फोटो घेऊन ते जोडतो आणि बरंच सावरतो, पण झुलणारी काठी कधीकधी दोन जागी उमटते. फिल्मवर मोठे, तल्लख स्फटिक आधी शिक्का घेतात, छोटे आळशी मागे राहतात. ऊन वाढलं तरी कुणीतरी शिल्लक असतं, म्हणून उजेडाच्या टोकाला फिल्मच्या काळेपणाचा आलेख सपाट कापला न जाता हळूहळू झुकतो. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये तो काढला. उलट सावलीत फिल्म कंजूस आहे. म्हणून मी भाच्याला सांगितलं, निगेटिव्ह असेल तर सावली बघून मोज, उन्हाचं ऊन बघून घेईल.

फिल्म श्रेष्ठ आहे असं मात्र कुणी सांगू नये. शंभर प्रकाशकण आले तर फिल्म त्यांतले एक-दोनच कामी लावते, चांगला सेन्सर निम्म्याहून जास्त. खगोलशास्त्रज्ञांनी काचपट्ट्या टाकल्या त्या याचमुळे. खर्चही आहे, एक क्लिक धुलाईसकट तीस-चाळीस रुपयांना पडतं. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, १९६० मध्ये स्थापन झालेला, 'इंदू' छापाचा माल काढायचा. तोही बंद पडला. कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये तिथल्याच स्टीव्हन सॅसन यांनी बनवला होता. आणि तरी २०१८ मध्ये कोडॅकची बंद झालेली एक्टाक्रोम फिल्म परत आली, २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा काढला.

भाच्याच्या कॅमेऱ्यातल्या रोलवर आकडा ३१ वर आहे. इरकली कधीच विकल्या गेल्या, पण दुकानासमोर बसणारी शेंगाचटणीवाली, बंद गिरणीची चिमणी, आईचे हात असलं काहीबाही त्याने त्यात भरलंय म्हणे. परवा म्हटलं, आण, धुऊन टाकू, पाणीही आलंय. तर म्हणाला, "राहू द्या ओ मामा. पाच उरलेत, गड्ड्याला लागतील की." कॅमेरा त्याने गल्ल्याखालच्या कप्प्यात, चादरीच्या घडीत ठेवलाय.