आरशासमोर नाही, सॅडलवर बसून पाहा

आमची बिब शॉर्ट्स (खांद्यांवरून पट्टे असलेली सायकलची घट्ट अर्धी पँट) पहिल्यांदा घालून सरळ उभे राहिलात, तर खांद्यांवरचे पट्टे खाली ओढल्यासारखे वाटतील. जर्सी पुढून आखूड वाटेल, मागून लांब. माप चुकले असे समजून कपडे परत पाठवण्याआधी एवढे करा: सायकलवर बसा, हात हँडलबारच्या खालच्या वळणावर न्या आणि पाच मिनिटे पेडल मारा. पट्ट्यांचा ताण जाईल, जर्सीची मागची बाजू कमरेवर नीट बसेल आणि पुढे पोटाशी कापड गोळा होणार नाही. हे कपडे वाकलेल्या अंगावर बेतलेले आहेत. उभ्या माणसाला ते थोडे अवघड वाटणारच.

मी शर्यतींत उतरायचो तेव्हा मिळणारे बरेचसे कपडे साध्या टी-शर्टसारखे कापलेले असत. वाकले की पाठ उघडी पडे आणि मागचे खिसे कुशीकडे सरकत. चौथ्या तासापर्यंत मांडीच्या आतल्या शिवणीने सालटे काढलेले असे. शर्यती थांबवल्यावर हेच काम हाती घ्यावेसे वाटले. या वाटेने माझ्याआधीही सायकलपटू गेले आहेत. बेल्जियमच्या फ्रान्स व्हेरबेक यांनी १९७१ मध्ये आम्स्टेल गोल्ड रेस आणि १९७४ मध्ये फ्लेश वालोन या शर्यती जिंकल्या आणि पुढे व्हेरमार्क ही सायकलिंगच्या कपड्यांची कंपनी उभी केली. कापड कुठे काचते हे सॅडलवर तासन्‌तास घालवलेल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. त्याला शिवणकाम मात्र शिकावे लागते, आणि ते आम्ही मन लावून शिकलो.

पॅडविषयी

सर्वांत जास्त प्रश्न शॉर्ट्सच्या आत बैठकीखाली शिवलेल्या फोमच्या पॅडबद्दल येतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

जितके जाड पॅड तितका आराम, असे बहुतेकांना वाटते. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिले की जाड, मऊ पॅड छानच वाटते. पण सॅडलवर वजनाचा मोठा भाग बैठकीच्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम तिथे पूर्ण चेपला जातो आणि तासाभरात हाडे जवळजवळ थेट सॅडलवर टेकतात. उरलेला जाड भाग मांड्यांच्या मध्ये दुमडतो आणि घासतो. म्हणून जाडीपेक्षा फोमची घनता विचारा. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन. आमच्या लांब पल्ल्याच्या पॅडमध्ये हाडांखाली १२० किलोच्या घनतेचा फोम आहे आणि कडेला त्याहून पातळ व हलका. रोज तासभर सायकल चालवणाऱ्याला एवढ्या घट्ट पॅडची गरज नाही. त्याने ८० किलोचे घ्यावे. ते स्वस्तही पडते आणि लवकर सुकते.

महिलांच्या शॉर्ट्समध्ये वेगळे पॅड असते. बैठकीच्या हाडांमधले अंतर सरासरीने जास्त असल्याने मागचा भाग रुंद आणि पुढचा आखूड ठेवलेला असतो. पुरुषांचे पॅड लहान मापात कापून ते काम भागत नाही.

आता सगळ्यांना थोडे संकोचाचे वाटणारे, पण सांगायलाच हवे असे: बिब शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नाही. त्याची शिवण नेमकी दाबाच्या जागी येते आणि सुती असेल तर घाम तिथेच धरून ठेवते. दाब, घर्षण आणि ओल एकत्र आली की त्वचा सोलवटते, मग जंतूंना वाट मिळते आणि फोड येतात. पॅडचे वरचे कापड थेट त्वचेला लागावे असेच केलेले असते. लांब फेरीआधी पॅडचे क्रीम लावले तर उत्तम. पूर्वी पॅडच्या जागी खरे चामडे असायचे आणि ते धुतल्यावर कडक होई, म्हणून त्याला मऊ करायला क्रीम चोळत. आज पॅडला त्याची गरज नाही, तुमच्या त्वचेला आहे.

फेरी संपली की ओल्या शॉर्ट्सवर गप्पा मारत बसू नका. आधी बदला.

कापडाविषयी

सायकलपटू अनेक दशके लोकरीच्या जर्सीत धावले. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा धागा तयार केला, त्यालाच आपण लायक्रा म्हणतो. १९७० च्या दशकात तो सायकलच्या शॉर्ट्समध्ये आला आणि लोकरीच्या शॉर्ट्स मागे पडल्या.

जर्सी सुती का नाही, असेही विचारतात. सामान्य हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस साधारण साडेआठ ग्रॅम ओल शोषून घेतो, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. त्यामुळे पॉलिस्टरमध्ये घाम धाग्यात मुरत नाही. धाग्यांच्या मधल्या फटींतून तो बाहेर पसरतो आणि वाऱ्यावर उडून जातो. पॉलिस्टरला वास लवकर धरतो, हेही खरे. त्यावर उपाय एकच, त्याच दिवशी धुणे.

घट्ट मापाचे कारण हवा आहे. ताशी ३० किलोमीटरवरून ३६ वर जायचे तर हवा कापायला लागणारी ताकद सुमारे १.७ पट होते. फडफडणारी बाही तुमचे कष्ट वाया घालवते. तरी शर्यतीचा घट्ट कट सगळ्यांनी घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. आरामात फिरणाऱ्यांसाठी थोडा सैल कट ठेवला आहे आणि विचारले तर आधी तोच सुचवतो.

क्लबच्या जर्सींवरची छपाई सब्लिमेशनने होते. उष्णतेने शाईची वाफ होऊन रंग पॉलिस्टरच्या धाग्यात शिरतो, म्हणून तो सोलत नाही की हाताला लागत नाही. मात्र कापड आतून पांढरेच राहते. माप लहान घेतले तर ताणलेल्या जागी गडद रंग फिका दिसतो.

आंतरराष्ट्रीय नियमांच्या शर्यतीत उतरणार असाल तर मोजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या साधारण निम्म्या उंचीपर्यंतच चालतात. ऑर्डर देताना तसे कळवा.

धुणे

थंड किंवा ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात, उलटे करून, जर्सीची चेन (झिप) लावून धुवा. सौम्य साबण पुरतो. फॅब्रिक सॉफ्टनर कधीही नको, त्याचा थर धाग्यांवर बसला की घाम बाहेर पसरायचा थांबतो. ब्लीच लायक्रा खाते. पिळू नका, पॅडचा फोम आतून तुटतो. पॅडची बाजू बाहेर ठेवून सावलीत वाळत घाला. ड्रायर आणि इस्त्री नको.

बसतो त्या जागी शॉर्ट्सचे कापड विरळ झाले की उजेडाकडे धरून पाहा. बोटे दिसू लागली तर ती शॉर्ट्स बदला. पॅड दाबल्यावर पुन्हा वर येत नसेल तर कापड चांगले असले तरी बदला. शिवण उसवली किंवा चेन बिघडली असेल तर मात्र नवे घेऊ नका, आमच्याकडे पाठवा, दुरुस्त करून देतो.

माप पाठवताना छाती, कंबर, नितंबाचा सर्वांत रुंद भाग आणि मांडीचा घेर टेप अंगाला लागेल पण रुतणार नाही असा धरून घ्या. त्यासोबत सायकलवर बसलेल्या स्थितीत मानेच्या हाडापासून कमरेपर्यंतची पाठही मोजा. हे माप दुसऱ्या कुणाकडून घ्यावे लागते. दोन मापांच्या मध्ये येत असाल तर शॉर्ट्स लहान घ्या आणि जर्सी मोठी.