यॉर्कमध्ये भाड्याने राहायला आल्यावर: काउन्सिल टॅक्स, पाणी, वीज-गॅस आणि मतदार नोंदणी. कोण पात्र, कागद कोणते?

यॉर्कमध्ये 'गेट' म्हणजे रस्ता आणि 'बार' म्हणजे वेस. मिकलगेट हा रस्ता, आणि मिकलगेट बार ही त्याच्या तोंडाची वेस. व्हायकिंगांच्या बोलीतला रस्त्याचा शब्द गावाने हजार वर्षं जपून ठेवला आहे. एवढी गंमत सोडली, तर पत्त्याच्या बाबतीत इथे अजिबात ढिलाई नको. भाडेकरारावर 'फ्लॅट २', वीजबिलावर 'फर्स्ट फ्लोअर फ्लॅट' आणि बँकेत तिसरंच काही असेल, तर पुढचा प्रत्येक अर्ज अडकतो. जुन्या गावात एका घराची चार घरं झालेली असतात. त्यामुळे पोस्टकोड टाकल्यावर यादीत आपला पत्ता नेमका कसा दिसतो ते आधी बघा आणि सगळीकडे तसाच लिहा.

ही माहिती भारतातून शिकायला किंवा नोकरीला येऊन यॉर्कमध्ये भाड्याने राहणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे नवीन घरात गेलं की जोडणीसाठी किंवा मीटर नावावर करण्यासाठी आपण खेटे घालतो. इथे दिवा आधीच लागत असतो, नळाला पाणी असतं, आणि करार सुरू झाला त्या तारखेपासून त्याचे पैसे तुमच्या नावावर चढत असतात. तुम्ही कुणाला कळवलं नाही म्हणून ते थांबत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांभाळा: सहीचा भाडेकरार (सुरुवातीच्या तारखेसकट) आणि सगळ्या मीटरचे फोटो. व्हिसा आता ऑनलाइन असल्याने ओळखीसाठी पासपोर्ट आणि गरज पडली तर शेअर कोड (आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवण्याचा तात्पुरता क्रमांक), एवढं हाताशी असलं की बहुतेक अर्ज घरबसल्या होतात.

काउन्सिल टॅक्स

याला घरपट्टी म्हटलं की पटकन समजतं, पण फसायलाही तिथेच होतं. आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो. इथे हा कर राहणाऱ्यावर, म्हणजे भाडेकरूवर बसतो. स्वतंत्र खोल्या वेगवेगळ्या करारांनी दिलेलं सामायिक घर असेल तर सहसा जबाबदारी मालकाची असते, पण करारात 'बिलांसह' म्हटलंय का ते वाचा.

कर घेते सिटी ऑफ यॉर्क काउन्सिल, म्हणजे इथली महापालिका. तिचं मुख्य कार्यालय वेस्ट ऑफिसेस. ही १८४१ सालच्या जुन्या रेल्वे स्टेशनची इमारत, २०१३ पासून महापालिका तिथे आहे. इमारत बघण्यासारखी आहे, पण नोंदणी ऑनलाइनच करा. लागतं काय, तर पत्ता, राहायला आल्याची तारीख, घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यांची नावं आणि मालकाचा किंवा एजंटचा तपशील.

घर 'ए' ते 'एच' यांपैकी कोणत्या पट्ट्यात आहे त्यावर रक्कम ठरते. हा पट्टा १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची किंमत काय असती, यावरून ठरलेला असतो. आज घर कितीला विकलं जातं याच्याशी संबंध नाही. 'ए' पट्ट्याला 'डी'च्या दोन तृतीयांश, तर 'एच'ला दुप्पट कर. पट्टा इंटरनेटवर कुणालाही बघता येतो, तेव्हा घर पसंत करण्याआधीच बघावा.

सवलती कुणाला? घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट. घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर पूर्ण माफ. पूर्णवेळ म्हणजे साधारणपणे वर्षभराचा अभ्यासक्रम, वर्षातले किमान २४ आठवडे आणि आठवड्याला सरासरी २१ तासांचा अभ्यास. पुरावा म्हणून विद्यापीठाकडून विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. त्यावर 'पूर्णवेळ' आणि दोन्ही तारखा हव्यात. प्रवेशपत्राने काम भागेलच असं नाही.

आता खरी गुंतागुंत. तीन विद्यार्थी आणि एक नोकरदार मिळून राहत असतील तर माफी जाते. कर बसतो तो नोकरदारावर, २५ टक्के सूट वजा करून. विद्यार्थ्यांकडून काउन्सिल तो मागत नाही. तो खर्च आपापसात वाटून घ्यायचा का, हे राहायला जाण्याआधी बोलून घ्या. मैत्री तुटण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

दुसरी गोष्ट, विद्यार्थिपण अभ्यासक्रम संपल्याच्या तारखेला संपतं, पदवीदानाला नाही. एमएस्सी सप्टेंबरात संपली आणि करार ऑक्टोबरअखेर असेल, तर मधल्या महिन्याचा कर येतो. नंतर ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर राहून काम करण्याच्या व्हिसावर) राहिलात तर तुम्ही इतरांसारखेच करदाते.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. विद्यार्थ्याचा जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल, आणि त्याच्या व्हिसाच्या अटींमुळे त्याला काम करता येत नसेल किंवा सरकारी भत्ते घेता येत नसतील, तर करासाठी तोही मोजला जात नाही. डिपेंडंट व्हिसावर (जोडीदाराच्या नात्याने मिळणाऱ्या व्हिसावर) 'सरकारी निधीचा आधार नाही' ही अट असतेच. म्हणजे पीएचडी करणारी बायको आणि सोबत आलेला नवरा, दोघांच्या घराला माफी मिळू शकते, मग नवरा नोकरी करत असला तरी. अर्जात त्याचा व्हिसा आणि विवाह प्रमाणपत्र जोडावं, आणि माफी कोणत्या कारणासाठी मागतोय ते एका वाक्यात स्पष्ट लिहावं. (जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येत नाही, संशोधन अभ्यासक्रम आणि सरकारी शिष्यवृत्तीवाल्यांनाच मुभा आहे.)

आणि एक धोक्याची सूचना. एकट्याची २५ टक्के सूट किंवा विद्यार्थ्यांची माफी बिनधास्त मागा, ते सरकारी भत्त्यात धरत नाहीत. पण उत्पन्न कमी म्हणून मिळणारं 'काउन्सिल टॅक्स रिडक्शन' हा मात्र सरकारी निधी आहे. व्हिसावर ती अट असताना त्यासाठी अर्ज केला तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते. नावं सारखी वाटतात, परिणाम अगदी वेगळे.

कर सहसा एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत भरायचा. मागितलं तर बारा हप्ते करून मिळतात. हप्ता चुकला की आठवड्याची मुदत देणारी स्मरणपत्रं येतात, आणि तरी नाही भरला तर वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागितली जाते. त्यानंतर न्यायालयाचं समन्स. स्मरणपत्र आलं की लगेच फोन करा, हप्ते बदलून मिळतात. हे बिल सांभाळूनही ठेवा, पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेपासून सगळीकडे चालतं.

पाणी

पाण्यात निवड नाही. नळ आणि सांडपाणी दोन्ही यॉर्कशायर वॉटरकडे. यॉर्कचं पाणी पूर्वी वेगळ्या स्थानिक कंपनीकडे होतं. औझ नदीकाठचा लेंडल टॉवर १६७७ साली पाणी उपसण्यासाठी पाचशे वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिला गेला, तो दोन मिरीदाण्यांच्या भाड्याने! तुमचं बिल तेवढ्यावर भागणार नाही. घराला पाण्याचं मीटर नसेल तर आकारणी १९९० मध्ये बंद झालेल्या जुन्या करमूल्यावर होते. तुम्ही एकटे राहता की सहा जण, त्याला काही फरक पडत नाही. एकट्याने मोठ्या जुन्या घरात राहणाऱ्याने मीटर मागावं. मीटर फुकट बसवतात, करार सहा महिन्यांचा किंवा जास्तीचा असेल तर भाडेकरूही मागू शकतो. मोठ्या कुटुंबाला उलट तोटा होईल, आधी हिशेब करा. थकबाकीसाठी घरगुती पाणी तोडायला कायद्याने बंदी आहे, पण वसुली चुकत नाही.

वीज आणि गॅस

महावितरणसारखी एकच कंपनी डोक्यात असेल तर इथे गोंधळ होतो. तारा नॉर्दर्न पॉवरग्रिडच्या, गॅसच्या नळ्या नॉर्दर्न गॅस नेटवर्क्सच्या, आणि बिल पाठवणारा पुरवठादार तिसराच, तो तुम्ही निवडायचा. वीज गेली तर पुरवठादाराला नाही, १०५ ला फोन करायचा. गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९.

राहायला गेल्यावर आधीच्या भाडेकरूचाच पुरवठादार तुम्हाला आपोआप लागू होतो. तो कोण हे एजंटला विचारा, त्याला तारीख आणि मीटरचे आकडे कळवा, मग हवं तर बदला. बिल तुमच्या नावाचं असेल तर निवड तुमची. मालकाला कळवायची अट करारात असू शकते.

माझ्या पहिल्या घरात विजेचं मीटर जिन्याखालच्या कपाटात, झाडू आणि जुन्या रंगाच्या डब्यांच्या मागे होतं. मोबाइलच्या उजेडात वाकून आकडे लिहून घेतले, त्यातला ३ मी ८ वाचला. पहिलं बिल बघून पोटात गोळा आला. फोटो होता म्हणून दोन ईमेलात निस्तरलं. फोटोत आकड्यांबरोबर मीटरचा क्रमांकही यायला हवा.

प्रीपेड मीटर असेल तर आधीच्या भाडेकरूची, मीटरमध्ये विजेचे पैसे भरायची किल्ली किंवा गॅसचं कार्ड वापरू नका. त्याची थकबाकी तुमच्या पैशांतून कापली जाऊ शकते. पुरवठादाराकडून स्वतःच्या नावाची नवी किल्ली मागवा. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर 'प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर'मध्ये नाव घाला. फुकट आहे, आणि वीज गेली तर मदत आधी मिळते.

घर ठरवण्याआधी त्याचा ऊर्जा दाखलाही (घराला किती ऊर्जा लागते हे सांगणारं प्रमाणपत्र, ईपीसी) ऑनलाइन बघा. भाड्याच्या घराला सहसा किमान 'ई' श्रेणी लागते, पण संरक्षित ऐतिहासिक इमारतींना सूट असू शकते. लाकडी तुळया आणि एकेरी काचेच्या खिडक्या फोटोत फार छान दिसतात, जानेवारीच्या गॅसबिलात नाही.

टीव्ही आणि डॉक्टर

इथे टीव्ही बघायला पैसे भरून परवाना, म्हणजे टीव्ही लायसन्स लागतं, पण टीव्ही घरात आहे की नाही यावर ते ठरत नाही. कोणतीही वाहिनी थेट बघत असाल, मग ती मोबाइलवर का असेना, किंवा बीबीसी आयप्लेअर (बीबीसीचं ऑनलाइन ॲप) वापरत असाल तर ते लागतं. क्रिकेटचा सामना थेट लावला तरी लागतं. नंतर सवडीने इतर ॲपवर मालिका बघणाऱ्याला नाही. 'राहणाऱ्यास' अशा नावाने पत्रं येत राहतात. गरज नसेल तर तसं ऑनलाइन कळवून टाका.

जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं बंधनकारक नाही. स्वागतकक्षात मागितला आणि नसेल, तर नम्रपणे तेवढंच सांगा. आजारी पडायच्या आधी नोंदवा.

मतदार नोंदणी

भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं, यावर अनेकांचा विश्वासच बसत नाही. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि वैध व्हिसावर राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकाला इंग्लंडमध्ये पालिकेच्या आणि संसदेच्या दोन्ही निवडणुकांत मताधिकार आहे. विद्यार्थ्यांनाही. नागरिकत्व बदलावं लागत नाही.

अर्ज ऑनलाइन, पाचेक मिनिटांचा. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (नोकरी आणि करासाठीचा सरकारी क्रमांक) मागतात. नसेल तर तसं लिहा, मग पासपोर्टसारखा दुसरा पुरावा मागवतात. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी मुदत संपते. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. यॉर्क आणि नॉर्थ यॉर्कशायरचा महापौर २०२४ पासून थेट निवडला जातो, त्यालाही हेच मत. यादीत नाव असलं की कर्ज किंवा मोबाइलच्या करारासाठी पत्ता पडताळायलाही सोपं जातं.

घर नदीजवळ असेल तर 'एन्व्हायर्नमेंट एजन्सी' या सरकारी पर्यावरण संस्थेच्या पूर-इशाऱ्याच्या मोफत सेवेत मोबाइल नंबर द्या. औझ दरवर्षी काठावर येते. औझचं पाणी फॉस या उपनदीत उलटं शिरू नये म्हणून तिच्यावर १९८७ पासून दरवाजासारखा अडथळा आहे, पण २६ डिसेंबर २०१५ ला पाणी त्याच्या पंपघरापर्यंत पोचलं आणि तो उचलावा लागला. हंटिंग्टन रोडकडची घरं पाण्याखाली गेली. मालकाचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या सामानाचा नाही.

घर सोडताना पुन्हा मीटरचे फोटो काढा, सगळ्यांना शेवटची तारीख आणि नवा पत्ता कळवा. काउन्सिल टॅक्स दहा हप्त्यांत भरला असेल आणि जानेवारीअखेर घर सोडत असाल, तर फेब्रुवारी-मार्चचे पैसे आधीच गेलेले असतात. ते परत मिळतात. बँक खातं बंद करायच्या आधी मागून घ्या.