चिकटणारं बटण

"मामा, एआयनं माणसाला केव्हाच मागं टाकलं!" म्हणत भाच्यानं मोबाइल पुढं केला. व्हिडिओत एआय खेळत असलेला अटारीचा जुना गेम, भराभर वाढणारा स्कोअर. मी एवढंच विचारलं, "हा गेम दर वेळी सारखाच चालतो का रे?"

अटारी 2600 हे टीव्हीला जोडून गेम खेळायचं 1977चं यंत्र. संगणकावर त्याची नक्कल चालवली, तीच सुरुवात ठेवली, तीच बटणं त्याच क्षणी दाबली, की शेवटही तोच. 2013 साली एआयला तपासण्यासाठी या गेमचा संच पुढे आला. मग लक्षात आलं, की पडद्याकडे न बघता नुसता बटणांचा क्रम पाठ करणारा प्रोग्रामही अनेक गेममध्ये शिकणाऱ्या एआयच्या पुढे जातो. गाइड घोकलेला आणि गणितातला आकडा बदलला की अडणारा विद्यार्थी आपण सगळ्यांनी पाहिलाय.

आधी उपाय निघाला तो प्रोग्रामला सुरुवातीला दर वेळी कमी-जास्त, जास्तीत जास्त 30 फ्रेम (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) गप्प बसवण्याचा. पण नंतरची वाट पुन्हा ठरलेलीच.

2018 साली सुचवलेला उपाय मला फार आवडतो. परभणीत स्टेशनजवळच्या दुकानात आम्ही रुपयाला एक डाव खेळायचो. एका यंत्राचं लाल बटण दाबलं की लवकर वर यायचंच नाही. त्या यंत्रावर जिंकणाऱ्या पोराला सगळे मानायचे, कारण बटण अडकलं तरी तो पुढचं बघून सावरायचा. इथेही तेच केलं: प्रत्येक फ्रेमला 25 टक्के शक्यता, की नवं बटण लागूच होणार नाही, आधीचंच चालू राहील. सलग दोनदा चिकटण्याची शक्यता 16 मध्ये 1, सलग चारदा 256 मध्ये 1. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे चारदा चिकटूनही उशीर होतो सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका. माणसाला तो जेमतेम जाणवेल. मात्र अख्ख्या सेकंदात एकदाही न चिकटण्याची शक्यता सुमारे तीन कोटींत एक! पाठांतर तिथेच कोलमडतं.

आता यदृच्छा, म्हणजे नशिबाचा भाग, आली की एका डावावर निकाल देता येत नाही. शेतीतले प्रयोग आठवा. सोयाबीनचा एक वाण काळ्या कसदार रानात आणि दुसरा मुरमाड पट्ट्यात लावून तुलना होईल का? म्हणून कोणता वाण कुठल्या वाफ्यात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात आणि प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत घेतात. एआयचंही तसंच. दोन एआयच्या, बरोबरीत न सुटलेल्या 100 सामन्यांत एकानं 55 जिंकले, तरी तो सरस ठरत नाही. अगदी तुल्यबळ असले तरी ठरावीक एकाला 55 किंवा जास्त विजय पाच-सहा वेळांत एकदा मिळतातच. 1000 पैकी 550 जिंकले तर मात्र तो योगायोग हजारात एखादाच. एकदा पाऊस बरोबर सांगितला म्हणून बुवाच्या पाया पडणं आणि एका स्कोअरवरून 'यंत्राला समज आली' म्हणणं, चूक एकच आहे.

भाच्यानं व्हिडिओ पुन्हा शेवटपर्यंत पाहिला. किती डाव खेळवले, बटण चिकटवलं होतं का, यातलं काहीच त्यात नव्हतं.