लाखभर स्त्रिया, बावन्न गट: क्लस्टर चाचण्यांच्या नमुन्याचा हिशोब कुठून आला

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 1999 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक चाचणी सुरू झाली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया तिच्यात होत्या. एवढा आकडा पाहिला की नमुन्याची काळजी मिटली असं कुणालाही वाटेल. पण कुणाच्या वाट्याला कोणती शाखा येणार हे ठरवणारी चिठ्ठी स्त्रियांच्या नावाने निघाली नव्हती, गावांच्या गटांच्या नावाने निघाली होती. असा गट म्हणजे क्लस्टर, आणि अशी चाचणी ती क्लस्टर चाचणी. असे गट 52 आणि अभ्यासाच्या शाखा, म्हणजे तुलनेच्या बाजू, चार, म्हणजे शाखेमागे 13. संख्याशास्त्रज्ञ आधी हे 13 पाहतो, मग लाख. ही सवय लागायला पाऊण शतक गेलं.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली शितं सारखीच शिजतात. गावाचंही थोडंफार तसंच असतं: पाणी एक, उपकेंद्र एक, चालीरीती एक. त्यामुळे त्याच गावातला शंभरावा माणूस फारसं नवीन काही सांगत नाही. हे सारखेपण मोजणारा आकडा म्हणजे आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोएफिशंट). त्याची मांडणी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या 1925 च्या पुस्तकात आहे.

या आकड्याची किंमत पहिल्यांदा कळली ती शेतीच्या लोकांना. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालात तागाचे नमुना सर्वेक्षण केले. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीचे प्रयोग आखताना आधी गाव, मग शेत, मग शेतातला तुकडा अशी उतरंड वापरली. दोघांचं तुकड्याच्या आकारावरून चांगलंच वाजलं, तो वेगळा विषय. पण एकाच गावात जास्त शेतं कापण्यापेक्षा जास्त गावं घेणं फायद्याचं, हा व्यवहार या कामातून पक्का झाला. 1965 मध्ये लेस्ली किश यांनी तो ‘डिझाइन इफेक्ट’ या नावाने रूढ केला: 1 + (m − 1) × आयसीसी, इथे m म्हणजे एका गटातली माणसं, आणि उत्तर म्हणजे नमुना किती पट मोठा लागेल तो आकडा.

शिक्षणक्षेत्रात आयोवाच्या लिंडक्विस्ट यांनी 1940 मध्येच सांगितलं होतं की अख्ख्या वर्गावर प्रयोग केलात तर विश्लेषणातही वर्गच मोजा. वैद्यकाच्या कानावर ते गेलं नसावं. 1972 मध्ये फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात हृदयरोग रोखण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि तुलनेला घेतला एकच शेजारचा प्रांत. स्टॅनफर्डच्या त्याच काळातल्या अभ्यासात शहरं होती तीन. एका बाजूला एकच शहर असेल तर दोन शहरांत एरवीही किती फरक पडतो हे मोजायला जागाच उरत नाही, मग माणसं कितीही तपासा.

संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड यांनी 1978 मध्ये हे स्पष्ट लिहिलं. गटांवर चिठ्ठ्या टाकायच्या आणि विश्लेषण व्यक्तींवर चिठ्ठ्या टाकल्यासारखं करायचं, ही त्यांच्या मते स्वतःचीच फसवणूक. ॲलन डॉनर आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये नमुन्याची सूत्रं हातात दिली. तरी त्यांनीच 1990 मध्ये मागच्या दशकातल्या 16 चाचण्या तपासल्या, तेव्हा आखणीच्या वेळी हा हिशोब केलेल्या निघाल्या फक्त 3. सूत्र अवघड नव्हतं, त्यातून येणारा खर्च अवघड होता.

तो खर्च असा. गटात 100 माणसं आणि आयसीसी 0.02 धरला तर डिझाइन इफेक्ट 2.98 येतो, म्हणजे जवळपास तिप्पट माणसं लागतात. माणसं वाढवून सुटकाही नाही. आयसीसी 0.02 असेल तर एका गटाचं वजन 50 स्वतंत्र माणसांपलीकडे कधीच जात नाही, मग तिथे पाच हजार तपासा. उस्मानाबादेत गटामागे सरासरी अडीच हजार स्त्रिया होत्या. समजा आयसीसी 0.001 इतका क्षुल्लक असता, तरी इतक्या मोठ्या गटात इफेक्ट साडेतीनच्या घरात गेला असता. म्हणूनच 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातल्या आचे इथल्या अ जीवनसत्त्वाच्या चाचणीतली 450 गावं मला तिच्यातल्या मुलांच्या संख्येपेक्षा मोलाची वाटतात.

दुसरं टोक टांझानियातल्या म्वान्झाचं. लैंगिक संसर्गांवर उपचार केले तर एचआयव्हीची लागण घटते का, हे तिथे 12 वस्त्यांच्या सहा जोड्या लावून पाहिलं. 1995 मध्ये निकाल आला तेव्हा सहाच्या सहा जोड्यांत लागण उपचाराच्या बाजूला कमी होती. नुसती दिशा मोजली तर असं योगायोगाने घडण्याची शक्यता 64 त 1. एक जोडी उलटी गेली असती तर त्या मोजणीत काहीच सिद्ध झालं नसतं.

खरी अडचण अशी की आयसीसी अभ्यासाआधी लागतो आणि कळतो अभ्यासानंतर. हेज आणि बेनेट यांनी 1999 मध्ये त्याऐवजी गटागटांतल्या दरांचा फरक धरणारं सोपं सूत्र दिलं. चाचण्यांचे निकाल कसे छापावेत हे सांगणाऱ्या कॉन्सॉर्ट नियमांनी 2004 मध्ये प्रत्येक चाचणीने आपला आयसीसी छापावा असं सांगितलं, म्हणजे पुढच्याला अंदाज तरी येतो.

मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 मध्ये दीड लाखावर स्त्रियांची, गर्भाशयमुख आणि स्तन अशा दोन्ही कर्करोगांच्या तपासणीची चाचणी सुरू केली ती 20 गटांवर, दोन्ही बाजूंना दहा-दहा. गटच मोजायचे तर सांख्यिकी तक्त्यात पाहायचा आकडा (गटांची संख्या वजा दोन बाजू) उरतो 18. तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले आणि ती घट ठोस ठरली. स्तनकर्करोगाचा वीस वर्षांचा निकाल 2021 मध्ये आला: सर्व वयांत मिळून मृत्यू 15 टक्क्यांनी कमी, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारे, पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र जवळपास 30 टक्के आणि टिकणारे.