एकाच मळ्याची पिनो न्वार: बरगंडीच्या भिंतीपासून थंड किनाऱ्यापर्यंत

गोव्यात पिनो न्वार या काळ्या द्राक्षाच्या लाल वाइनची बाटली हाती आली आणि तिच्यावर मळ्याच्या नावाबरोबर ‘किनाऱ्यावरचा थंड प्रदेश’ असे वाचले की घोटाळा होतो. आपल्याकडे किनारा म्हणजे उकाडा, घाम आणि जूनपासून चार महिने पाऊस. कळंगुटचा समुद्र आणि ही द्राक्षे जिथे पिकतात त्या उत्तर कॅलिफोर्नियाचा समुद्र यांत खारेपणाखेरीज फारसे साम्य नाही, आणि ती तिथे का पिकतात याचे उत्तर त्या फरकातच आहे. पण मळ्याचे नाव बाटलीवर लिहिण्याची पद्धत समुद्राकाठची नाही. ती आली फ्रान्सच्या आतल्या भागातून, बरगंडीतून.

1098 मध्ये तिथे सिटोचा मठ स्थापन झाला. सिस्टर्शियन साधूंनी दान मिळालेल्या आणि विकत घेतलेल्या जमिनी जोडत क्लो द वूजो हा सुमारे 50 हेक्टरांचा मळा उभा केला आणि 1336 पर्यंत त्याला दगडी कुंपण घातले. कोणत्या तुकड्यातला रस दाट, कोणत्या उतारावर दव लवकर गोठते, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्यावर जमिनीचे तुकडे नावांनी ओळखले जाऊ लागले. अशा तुकड्याला तिकडे ‘क्लीमा’ म्हणतात. सत्तरी तालुक्यातल्या काजूवाल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. कोणत्या डोंगराचे बोंडू (काजूची फळे) रसाळ आणि कोणत्या भाटातले कोरडे, हे तो चाखण्याआधीच सांगतो.

1395 मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप याने गामे ही भरघोस पिकणारी द्राक्षाची जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्याला पीक जास्त देणारी वेल हवी होती, ड्यूकला आपल्या प्रदेशाच्या वाइनची पत राखायची होती. हुकूम सगळीकडे पाळला गेला नाही, तरी उत्तम उतार पिनोकडेच राहिले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठांच्या जमिनी लिलावात गेल्या, पुढे समान वाटणीच्या वारसा कायद्याने त्यांचे तुकडे झाले. आज क्लो द वूजोचे सुमारे 80 मालक आहेत. म्हणून मळ्याचे नाव वाचून थांबू नये, बनवणारा कोण तेही पाहावे. एकाच कुंपणातली, एकाच वर्षाची वाइन एकाकडे अप्रतिम आणि दुसऱ्याकडे पाणचट असू शकते. 1855 मध्ये डॉक्टर लावाल यांनी मळ्यांची प्रतवारी मांडली, 1861 मध्ये बरगंडीतल्या बोन इथल्या समितीने तिचा नकाशा केला आणि 1936 पासून तीच उतरंड कायद्यात आली. 2015 मध्ये या क्लीमांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

पिनोच का? तिची साल पातळ, रंग कमी, तुरटपणा देणारे टॅनिन बेताचे. लपवायला काही नसल्याने पिकण्याच्या वेगातला थोडा फरकही चवीत उतरतो. मात्र ‘चुनखडीची चव वाइनमध्ये येते’ हे म्हणणे आम्हाला पटत नाही. मुळे दगडाची चव वर नेत नाहीत. माती काम करते ती पाण्यातून: निचरा चांगला असेल तर वेलीला थोडी तहान लागते, मणी लहान राहतात आणि रसाच्या मानाने साल जास्त मिळते.

अमेरिकेत ही कल्पना रुजली ती थंड जागांच्या शोधातून. 1944 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथले द्राक्षशास्त्रज्ञ अमेरिन आणि विंकलर यांनी एक साधे गणित मांडले: एप्रिल ते ऑक्टोबर, रोजच्या सरासरी तापमानातून 10 अंश सेल्सिअस वजा करा आणि बेरीज घ्या. ही बेरीज साधारण 1,390 च्या आत असेल तो सर्वांत थंड गट, म्हणजे पिनोचा. पणजीची सरासरी 27 अंश धरली तर तेच सात महिने साडेतीन हजारांच्या पुढे जातात. 1965 मध्ये डेव्हिड लेट यांनी ऑरेगनमध्ये पिनो लावली आणि त्यांची 1975 ची वाइन 1979 मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत बरगंडीच्या नामवंतांबरोबर वरच्या क्रमांकात आली. 1975 मध्येच जॉश जेन्सन यांनी कॅलिफोर्नियात चुनखडीचा डोंगर शोधून लागवड केली आणि शेजारशेजारच्या तुकड्यांच्या वाइन वेगवेगळ्या नावांनी भरल्या. 1980 च्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातल्या छोट्या वाइनऱ्या दुसऱ्याच्या मळ्यातून द्राक्षे विकत घेऊन त्या मळ्याचे नाव बाटलीवर छापू लागल्या. सोनोमा किनारा हा अधिकृत वाइन-प्रदेश म्हणून 1987 मध्ये नोंदला गेला, पण तो फारच मोठा आखला होता. खरा समुद्रालगतचा भाग वेगळा व्हायला वेळ लागला: फोर्ट रॉस-सीव्ह्यू 2012 मध्ये, वेस्ट सोनोमा कोस्ट 2022 मध्ये.

आता तो समुद्र. उन्हाळ्यात वायव्येचे वारे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलतात आणि खोलातले थंड पाणी वर येते. भर उन्हाळ्यातही ते 10 ते 13 अंशांच्या आसपास असते. आपला अरबी समुद्र त्याच वेळी 28 च्या आसपास असतो. त्या थंड पाण्यावरून येणारी दमट हवा धुके होते, आतल्या तापलेल्या खोऱ्यांकडे ओढली जाते आणि मळ्यांना गारवा देते. फोर्ट रॉसचे मळे 280 ते 550 मीटर उंचीवर, बहुतेकदा धुक्याच्या वर असतात. दिवसभर ऊन, बाजूला गारवा, म्हणून गोडी चढते पण आंबटपणा टिकतो. गोव्यात रात्रही उबदार असल्याने द्राक्षातले मॅलिक आम्ल जळून जाते. शिवाय वेलीला हिवाळी झोप मिळत नाही. नाशिकला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करावी लागते ती याचमुळे, आणि तिथेही शिराझ, शेनिन ब्लाँ जमते तशी पिनो जमत नाही.

थंड किनाराही सुखाचा नाही. पिनोला कोंब लवकर फुटतात, म्हणून वसंतातले गोठणारे दव घातक. फुलोऱ्यात गार पाऊस आला तर मणीगळ होते. घड गच्च असतात, त्यामुळे आत ओल राहिली की करडी बुरशी एका मण्यातून पूर्ण घडात जाते. घडाभोवतीची पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढतात, दुपारच्या बाजूने ठेवतात. दोन्हीकडून काढली तर मणी भाजतात. तोडणी रसातली साखर साधारण 23 ते 24 ब्रिक्स (म्हणजे जवळपास तितके टक्के) झाली की, पहाटे.

एका हेक्टरातून 5 टन द्राक्षे आली तर सुमारे 3,200 लिटर वाइन होते, म्हणजे 228 लिटरचे चौदा पिंप, शेवटी चारेक हजार बाटल्या. घड एक-दोन टनांच्या उघड्या टाक्यांत 10 अंशांच्या आसपास तीन ते पाच दिवस ठेवतात, मग आंबवण सुरू होते. वर आलेली सालींची टोपी दिवसातून दोन-तीनदा खाली दाबतात. बोंडू तुडवायच्या कुंडात, म्हणजे गोव्याच्या कोळंबीत, जसा बेताने पाय टाकावा लागतो तसेच. जोर जास्त झाला तर बिया कडवटपणा सोडतात. तापमान 32 च्या वर गेले तर सुगंध उडतो आणि यीस्ट थकून आंबवण अर्धवट थांबू शकते.

पिंपातली वाइन लाकडातून उडत राहते, म्हणून दर पंधरवड्याला भर घालावी लागते. अमेरिकेत मळ्याचे नाव छापायला 95 टक्के वाइन त्याच मळ्याची असावी लागते. उरलेल्या 5 टक्क्यांत ही भर बसते. प्रामाणिक वाइनरी तीही त्याच मळ्याची ठेवते, फेणी जशी विणलेल्या आवरणातल्या काचेच्या मोठ्या भांड्यांत ठेवतात तशा भांड्यांत काठोकाठ भरून. अर्धे पिंप कधीच ठेवत नाहीत. रिकाम्या जागेतली हवा तिचे व्हिनेगर करते.

इतक्या नाजूक वाइनचा गोव्यात घात होतो तो वाहतुकीत आणि फडताळात. मे महिन्यात बंद गाडीत एक दुपार पुरते. बूच तोंडाच्या वर आलेले दिसले किंवा आवरणाखाली चिकट ओघळ असेल तर बाटली घेऊ नये. पिण्याआधी दीड तास फ्रिजमध्ये, किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत 12 ते 15 मिनिटे ठेवावी. 14 ते 16 अंशांना ती खुलते, खोलीच्या 30 अंशांना नुसता अल्कोहोल नाकात जातो. शागुतीच्या तिखटाने तो जाळ आणखी वाढतो. पावसाळ्यात मिळाली तर अळमीची (रानअळंबीची) कमी मसाल्याची भाजी तिच्याशी जुळते, कारण जुन्या पिनोलाही तसाच ओल्या पालापाचोळ्याचा वास येतो.